हिटरमधून गार हवा आणि ट्रॅफिकमध्ये लाल दिवा, हेड गॅस्केटच गेलंय का?

भांडुपचा_बाळ्या

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे पण वाचा. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ची, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आता ८७ हजार झालेत. मीटरमध्ये टेंपरेचरचा काटा नाही, थंड असली की निळा दिवा, तापली की लाल, बस एवढंच.

गेल्या शनिवारी नाशिकला मावसबहिणीचा साखरपुडा होता, परत निघायला रात्रीचे साडेदहा वाजले आणि घोटी सोडल्यावर अशी थंडी की आई मागच्या सीटवर शालीत गुंडाळून कुडकुडत बसली. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा हिटर लावला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, नॉब पार लाल टोकाला, ब्लोअर फुल्ल, आणि हवा गारेगार. आई म्हणते, ‘अरे मेल्या, पंखा कशाला लावलास?’ बंद केला, कसारा घाट उतरून घरी आलो, गाडीला काहीही नाही.

सोमवारी ऑफिसला जाताना जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवईला आयआयटीच्या आसपास पाऊण तास अडकलो, एसी चालू, आणि लाल दिवा. बाजूला घेतली, बंद केली, अर्ध्या तासाने बॉनेट उघडलं तर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली ठणठणीत कोरडी. जवळ प्यायच्या पाण्याची बाटली होती ती ओतली आणि कसाबसा पोचलो. तेव्हापासून आठवड्याला साधारण अर्धा लिटर पाणी कमी होतंय, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही.

घराजवळच्या गॅरेजवाल्याने दोन मिनिटं बॉनेटमध्ये डोकावून निकाल दिला, ‘हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिन आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, पाणी इंजिन पितंय, हेड उतरवावं लागेल, फेसिंग, पॅकिंग, सगळं मिळून बावीस हजार.’ मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. हिटर गार येणं आणि गाडी तापणं याचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि बावीस हजार खरंच लागतात का?

वडापाव_एक्सप्रेस

मुंबईत राहून हिटर लावणारा पहिला माणूस बघितला 😄 माझ्या गाडीला आहे की नाही तेसुद्धा मला माहीत नाही. पण भाई, नुसतं डोकावून हेड गॅस्केट सांगणाऱ्याला बावीस रुपयेपण देऊ नको, दुसरीकडे दाखव.

कुर्ल्याचे_काका

बाळ्या, घाई करू नको. तीस वर्षं गॅरेजात गेली माझी, आता पोरगा बघतो, मी बसल्या बसल्या फुकटचे सल्ले देतो. तर ऐक.

हिटर म्हणजे वेगळं काही यंत्र नाही. डॅशबोर्डच्या आत एक वहीएवढा छोटा रेडिएटर असतो, त्याला हिटर कोर म्हणतात, इंजिनचं गरम कूलंट दोन होज पाइपांतून तिथे जाऊन परत येतं आणि ब्लोअर त्याच्यावर हवा मारतो. म्हणजे इंजिनची जी उष्णता एरवी आपण पुढच्या रेडिएटरमधून बाहेर टाकून देतो तीच थोडी आत घ्यायची. आता इंजिन तापलेलं आहे आणि हिटर गार आहे, याचा सरळ अर्थ गरम पाणी तिथवर पोचत नाहीये. का पोचत नाही? बहुतेक वेळा कूलंट कमी झालेलं असतं आणि हिटर कोर वरच्या लेव्हलला असल्यामुळे तिथे हवा भरते, एअर लॉक. उभ्या गाडीत गार आणि रेस दिली की गरम, असं असेल तर कूलंट कमी किंवा वॉटर बॉडी कमजोर (वॉटर पंप रे, आम्ही त्याला बॉडी म्हणतो). एक होज चटका बसेल इतकी गरम आणि दुसरी कोमट, तर कोर चोक. दोन्ही होज गरम असून आत गार, तर डॅशबोर्डमधला फ्लॅप किंवा त्याची केबल. कोमटच येतंय आणि निळा दिवा विझायलाच तयार नाही, तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, नाहीतर कोणीतरी काढून फेकलाय. मुंबईत हे काढून फेकणारे फार.

तुझ्या केसमध्ये हिटर गार आणि बाटली कोरडी, दोन्ही एकदम, म्हणजे मला तरी सरळ कूलंट गळती आणि एअर लॉक वाटतोय. हेड गॅस्केट हा शेवटचा संशय, पहिला नाही. मला एवढं सांग:

ट्रॅफिकमध्येच तापते की हायवेवर, घाट चढतानापण? पुढचा फॅन फिरतो का? सकाळी निळा दिवा किती वेळात विझतो? डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल कसंय? आणि गाडी उभी केल्यावर कधी गोडसर वास येतो का?

आणि एक. गरम इंजिनची कॅप उघडू नको, हात जोडून सांगतो. आत प्रेशर असतं म्हणूनच ते पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, कॅप ढिली केलीस की प्रेशर सुटतं आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. आमच्याकडे एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजला होता. वरची जाड होज हाताने दाबून बघायची, मऊ आणि गार लागली तरच कॅपला हात.

हिंदमाता_सर्व्हायव्हर

काकांनी फॅनचं विचारलं ते बरोबर. माझं सांगतो. जुलैत पाण्यातून गाडी काढली (नाव बघून कळलं असेल कुठून), तेव्हा काही झालं नाही, म्हटलं वाचलो. दिवाळीत दादरच्या गर्दीत रानडे रोडच्या तोंडाला गाडी तापली. पुण्याला जाऊन आलो, बोरघाट एसी लावून चढलो, काही नाही. परत शिवाजी पार्कला सिग्नलला तापली. म्हणजे पळताना समोरून वारा लागतो तेव्हा ठीक, उभी राहिली की मेली. फॅनच फिरत नव्हता! कनेक्टर उघडला तर आत हिरवा गंज, चिखल सुकून बसलेला.

बघायची सोपी पद्धत, एसी लावायचा आणि पुढे जाऊन बघायचं, बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतोच. एसीवर फिरतो पण गरम झाल्यावर आपणहून फिरत नाही, तर सेन्सर किंवा वायरिंग. एसीवरपण नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर. रिले तपासायला मी हॉर्नचा रिले काढून तिथे लावला, दोन्हीचा नंबर सेम होता म्हणून (नंबर बघूनच करा). हात मात्र पात्याजवळ नेऊ नका, कित्येक गाड्यांत फॅन किल्ली काढल्यावरसुद्धा अचानक सुरू होतो.

ठाण्याची_ताई

थोडं विषयांतर पण कोणाला तरी उपयोग होईल. माझ्या गाडीत पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट ओलंचिंब व्हायचं. मेकॅनिक म्हणाला हिटर कोर लीक आहे मॅडम, सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल. मी ते पाणी टिश्यूवर घेतलं. रंग नाही, वास नाही, बोटाला चिकट लागत नाही. कूलंट असतं तर चिकट आणि गोडसर वासाचं असतं, आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, पुसलं तरी परत येतं. माझं निघालं एसीचं पाणी, खाली जाणारी ड्रेनची नळी चोक होती. फुंकणीने हवा मारली, भदाभदा पाणी खाली, विषय संपला. एक रुपया खर्च नाही. डॅशबोर्ड खोला म्हणणाऱ्याला आधी टिश्यू दाखवा.

भांडुपचा_बाळ्या

काका, धन्यवाद. आज सकाळी गाडी पूर्ण गार असताना बॉनेट उघडून बसलो, बायको गॅलरीतून विचारतेय मूर्ती बसवतोयस का. उत्तरं देतो.

तापते फक्त ट्रॅफिकमध्ये. फॅन एसीवर फिरतो, आणि पाणी भरून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली तेव्हा आपणहूनपण लागला, दोनदा लागला-थांबला. निळा दिवा तीन-चार मिनिटांत विझतो. ऑइल काळपट आहे पण नॉर्मल, दूध वगैरे काही नाही. ऑइलच्या झाकणाच्या आत मात्र थोडं ताकासारखं पांढरं लागलंय, त्याने जरा धडकी भरली. आणि गोड वास, हो! पार्क केल्यावर गुळाच्या पाकासारखा वास यायचा कधीकधी, पण आमच्या बिल्डिंगखाली मिठाईचं दुकान आहे, मला वाटलं चिक्की करतायत.

आता खरी गंमत. तुम्ही म्हणालात ना दोन होज हिटरला जातात, त्या हात लावून बघ, म्हणून त्या शोधत होतो. इंजिनच्या मागे, भिंतीसारखा पत्रा आहे तिथे दोन नळ्यांची तोंडं बाहेर आलीयेत आणि त्यांना काहीच जोडलेलं नाही! उघडी, आत कोळ्याचं जाळं. आणि इंजिनकडून येणारी होज यू मारून परत इंजिनलाच लावलीय, साधी काळी नळी, दोन्ही टोकांना क्लिपा. फोटो टाकलाय. हे असंच असतं का?

कुर्ल्याचे_काका

घ्या! माझाच पोपट झाला. आणि मी बसलोय एअर लॉकवर प्रवचन देत.

असं नसतं रे. हे बायपास केलंय. आधीच्या मालकाचा हिटर कोर लीक झाला असणार, कोर बदलायचा म्हणजे बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवायचा, दिवसभराचं काम, मग कोणीतरी म्हणालं असेल ‘साहेब, मुंबईत हिटर कशाला हवा’ आणि यू मारून दिला. तुला विकताना कोण सांगतंय. आणि तूही दोन वर्षांत हिटर लावला नाहीस, म्हणून कळलंपण नाही. नाशिकला थंडी पडली नसती तर आणखी दोन वर्षं कळलं नसतं.

म्हणजे आता तुझ्या हिटरच्या गार हवेचा तुझ्या गाडीच्या तापण्याशी काही संबंध नाही. मी वर जे जोडलं ते चुकलं. हिटरला पाणी मिळतच नाही, तो गारच येणार, इंजिन ठणठणीत असलं तरी. हे दोन वेगळे आजार. निदान थेट नाही तरी.

‘थेट नाही’ का म्हणतोय, तर फोटो मोठा करून बघितला. डाव्या क्लिपखाली पांढरट-हिरवट खपली दिसते का? कूलंट सुकून बसलं की तसा क्षार धरतो. आणि ती नळी कूलंटची होज वाटत नाही मला, कूलंटच्या होजच्या रबरात कापडी विणकाम असतं, ही साधी रबरी दिसतेय, टोकाला फुगलेलीपण आहे. गार असताना ती गळणार नाही. गरम झाली, प्रेशर आलं की बारीक पाझरणार, खाली तापलेल्या लोखंडावर पडून तिथल्या तिथे वाफ. जमिनीवर थेंब कुठून येणार? तुझी चिक्की ती हीच.

आणि ट्रॅफिकमध्येच का तापते तेही जुळतं. पाणी थोडं कमी असलं तरी हायवेला वाऱ्यावर निभावतं, जेव्हीएलआरला एसी लावून उभं राहिलं की नाही निभावत.

झाकणाखालचं ताक बघून घाबरू नको, पावसाळ्या-थंडीत जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तिथे वाफ धरते. डिपस्टिकवर ताक आलं, म्हणजे ऑइलमध्येच पाणी मिसळलं, तर मात्र गाडी चालू करू नको.

आता असा गॅरेजवाला शोध ज्याच्याकडे प्रेशर टेस्टर आहे. कॅपच्या जागी बसवायचा हातपंप, वर घड्याळ. गार इंजिनला तुझ्या कॅपवर जेवढं लिहिलंय, ०.९ किंवा १.१ बार असेल, तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही. काटा पडला की गळती आहे, आणि कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. गॅस्केटची शंका राहिलीच तर ब्लॉक टेस्ट करायला सांग, निळं पाणी भरलेली काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर लावतात, कूलंटमध्ये इंजिनचा जळका गॅस येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दोन्ही मिळून तासाभराचं काम. बावीस हजारांचं हेड उतरवण्याआधी एवढं तर कोणीही करावं.

साकीनाका_सर्किट

काका, तुम्ही वर थर्मोस्टॅट काढणाऱ्यांना नावं ठेवलीत, पण माझ्या गाडीचा आठ वर्षं काढलेला आहे, कधी तापली नाही. आणि कूलंटही मी घालत नाही, नळाचं पाणी. इथे काय बर्फ पडतोय?

कुर्ल्याचे_काका

तापत नाही हे खरं, तापतच नाही हाच प्रॉब्लेम आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या गरमीला येतं. तो नसेल तर इंजिन थंड थंडच चालतं, कंप्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, पेट्रोल जास्त सोडतो. तुझं ॲव्हरेज काय येतं विचारत नाही, तुला वाईट वाटेल.

आणि कूलंट फक्त बर्फासाठी असतं हे कोणी सांगितलं? मुंबईत त्याची दोन कामं, गंज धरू द्यायचा नाही आणि उकळायचा पॉइंट वर न्यायचा. शिवाय पंपाच्या सीललापण ते लागतं. नळाच्या पाण्याने ॲल्युमिनियम खातं, बोअरिंगचं असेल तर क्षार वेगळा. जुने पितळी रेडिएटर आम्ही सळ्या घालून साफ करायचो, रॉडिंग म्हणायचो, आताच्या ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या, त्यात कसली सळी घालतोस, सरळ नवा घ्यायचा. डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं, निम्मं ते निम्मं कूलंट. तयार मिक्स घेतलंस तर त्यात परत पाणी घालू नको. आणि रंग बघून मिसळू नको, हिरवा-गुलाबी हा काही कायदा नाही, कंपनीगणिक बदलतो. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघायचं.

थर्मोस्टॅट चालतो की नाही ते घरी कळतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात सोडायचा, दोऱ्याने लटकवून, तळाला टेकवायचा नाही. हळूहळू उघडताना दिसतो, एकदम मस्त. मी एकदा चहाच्या पातेल्यात केलं होतं, हिने ते पातेलं पुन्हा वापरलं नाही आणि बरंच केलं, कूलंट विषारी असतं.

ठाण्याची_ताई

विषारी आणि वर गोड. सांडलं तर लगेच धुवा, कुत्री-मांजरं चाटतात. आमच्या सोसायटीत एक बोका त्यानेच गेला असं व्हेटने सांगितलं.

वडापाव_एक्सप्रेस

बाळ्या अपडेट टाक रे, मी चिक्की खात बसलोय.

भांडुपचा_बाळ्या

आलो, आलो. रविवारी कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवर ओळखीतून एकाकडे गेलो. त्याने पंप लावला, काटा एकवर नेला, आम्ही दोघं बघत उभे. मिनिटभर काही नाही. मग काटा हळूच खाली यायला लागला आणि त्याच डाव्या क्लिपखालून एक थेंब आला, थांबला, फुगला, पडला. मग दुसरा. पोरगा टॉर्च मारून म्हणतो, ‘ये देखो साहब, आपका हेड गॅस्केट.’ मला हसावं की रडावं कळेना.

नळी कापून दाखवली, आतून फुगून स्पंजसारखी झालेली, नखाने रबर निघत होतं. नवी कूलंटची होज, दोन नवीन क्लिपा, जुनं पाणी काढलं तर विटकरी रंगाचं. दोनदा फ्लश मारला, कूलंट भरलं, कॅप बदलली कारण जुनीचं रबर कडक झालं होतं. मग रेडिएटरची कॅप उघडी ठेवून गाडी चालू, होज दाबून दाबून हवा काढली, बुडबुडे यायचे थांबून फॅन दोनदा लागेपर्यंत. ब्लॉक टेस्टपण केली माझ्या समाधानासाठी, निळं ते निळंच राहिलं. सगळे मिळून चोवीसशे रुपये.

काल मुद्दाम जेव्हीएलआरला संध्याकाळी सातला गेलो, एसी लावून. एक तास दहा मिनिटं. लाल दिवा नाही. आज सकाळी बाटली बघितली, रेघेवर आहे.

आता एक शेवटचं. तो म्हणाला हिटर परत चालू करायचा तर नवा कोर आणि डॅशबोर्ड उतरवायची मजुरी मिळून नऊ-दहा हजार. करू का? पावसात काच धुकटते तेव्हा हिटर लागतो म्हणतात.

हिंदमाता_सर्व्हायव्हर

पावसात धुकं एसीनेच जातं, एसी हवेतला ओलावा काढतो. काचेवर मारायचा, बाहेरची हवा आत घ्यायची. मुंबईत मी तरी दहा हजार घालणार नाही.

कुर्ल्याचे_काका

मीपण आत्ता घालणार नाही. पुढेमागे एसीची कूलिंग कॉइल लीक झाली आणि डॅशबोर्ड उतरवावाच लागला तर त्याच मजुरीत कोर टाकून घे, तेव्हा स्वस्तात पडेल. बूच न मारता यू मारलाय ते बरंय, काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला ती लाइन उघडी लागते.

फक्त एक लक्षात ठेव, तुझ्याकडे आता आणीबाणीचा रेडिएटर नाही. आम्ही तापत आलेल्या गाडीत एसी बंद करून हिटर फुल्ल गरमवर लावतो, काचा खाली, घामाघूम होतो पण इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघते आणि सिग्नल सुटेपर्यंत निभावतं. तुला ती सोय नाही. लाल दिवा दिसला की बाजूला घे आणि बंद कर, ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत’ हा विचार करू नको, तिथेच हेड वाकडं होतं. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही.

दर रविवारी गार असताना बाटलीची लेव्हल बघ. महिनाभर रेघ हलली नाही की मग दर महिन्याला.

भांडुपचा_बाळ्या

ठरलं काका, कोर राहू दे. आईला सांगितलं हिटर दुरुस्त नाही करत, तर तिने काही न बोलता एक जुनी सोलापुरी चादर आणि कानटोपी डिकीत नेऊन ठेवली. फेब्रुवारीत त्याच मावसबहिणीचं लग्न आहे, नाशिकलाच.